चुरणीच्या दिवसांतली

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जुलै आहे. वर्गातल्या कितीतरी मुलांची तीच होती, कारण पहिलीत नाव घालताना ती गुरुजींनी लिहिली. आईला तारीख सांगता येत नाही. ती म्हणते, "मंडईचं नाटक पाहाले गेली तवा तू पोटात होती. धान चुरून झालं अन् तू झाली." पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडईची जत्रा भाऊबीजेपासून भरू लागते आणि चुरणी, म्हणजे धानाची मळणी, पौषापर्यंत चालते. म्हणजे मी १९९६ च्या डिसेंबरातली किंवा १९९७ च्या जानेवारीतली. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने मिलेनियल पिढी नेमकी १९९६ ला संपवली आहे. १९९७ पासून जेन झी. सातव्या महिन्यात रात्री झोप येत नाही, तेव्हा मी हे वाचत बसते. बाळाने उद्या माझी पिढी विचारली तर मला खरं उत्तर द्यायचं आहे.

*

२०२५ पासून जन्मणारी मुलं म्हणे बीटा पिढीची. त्याच वर्षी १ जानेवारीला गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला अहेरीहून स्वातंत्र्यानंतरची पहिली एसटी गेली. तिथली माझ्या वयाची बाई आणि चंद्रपूरला वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत वाढलेली माझी मैत्रीण, दोघी एका पिढीच्या कशा? मला हे पटत नाही. आमच्याकडे पिढी सालावर ठरत नाही. गावात आधी काय पोचलं, वीज, रस्ता की नर्सबाई, त्यावर ठरते.

*

आजीला "किती मुलं?" विचारलं की ती गेलेलीही मोजते. आईच्या वयाच्या बायका फक्त जिवंत असलेली सांगतात. आम्ही तर नावसुद्धा आधीच शोधून ठेवतो.

या फरकामागे माणसं आहेत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केलं. १९८८ मध्ये त्यांनी मोजलं, तेव्हा हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं ही कामं जेमतेम शिकलेल्या बाया घरात जाऊन करू लागल्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. मी जन्मले तेव्हा हे काम चालू होतं. आमचं गाव त्या ३९ मध्ये नव्हतं. माझ्या वेळी सुईण होती, विळा होता आणि आईचं नशीब होतं. हे मी आईला कधी बोलून दाखवलेलं नाही.

*

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात येऊन राहायचं. जायला वाटच नसेल तर बाई आधी आणून ठेवा, हे ज्याला सुचलं त्याला मी मानते.

*

शेजारच्या गोंड घरातली आत्या म्हणाली, "पोटात कोन परत येऊन रायला, ते पाहा." त्यांच्याकडे घरातलं गेलेलं माणूस बाळ होऊन येतं असं मानतात, अंगावरच्या खुणेवरून ओळखतात. तसं असेल तर माझं बाळ माझ्याहून दोन पिढ्या मोठं. आम्ही गोंड नाही, पण हा विचार मला फार जवळचा वाटला.

*

सिकलसेलचा अहवाल आला. रक्तातल्या या आजाराची मी वाहक आहे, नवरा नाही. दोघेही वाहक असते तर दर खेपेला चारात एक शक्यता आजारी मुलाची. आता बाळ यातून पूर्ण मोकळं असेल किंवा माझ्यासारखं वाहक, निम्मी-निम्मी शक्यता. जंगलातल्या मलेरियापासून हा वाहकपणा थोडा बचाव करतो, म्हणून तो रक्तात शेकडो पिढ्या टिकून आला. मोठ्या मामाचे सांधे थंडीत का दुखत, तो तिशीत का गेला, हे कुणी तपासलं नव्हतं. घरात त्याच्या दुखण्याला बाहेरची बाधा म्हणत. ते कदाचित सिकलसेलच असेल. आईला सांगितलं तर ती बराच वेळ मामाचंच बोलत राहिली, आमच्या बाळाचं नाही.

देशाने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, उद्दिष्ट २०४७. तेव्हा माझं मूल लग्नाच्या वयाचं होईल.

धाकट्या भावासाठी स्थळं पाहताहेत. पत्रिकेच्या आधी त्याचं रक्त तपासायचं, असं मी घरात सांगितलं. काका चिडले. भाऊ म्हणाला, "ताई, सोमवारी जातो." मुलीकडच्यांनाही तो स्वतःच विचारणार आहे.