जाळीवर जाळी

गांधीबागेतलं आमचं कापडाचं दुकान या दिवाळीनंतर बंद होतंय. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे झाले, मी बँकेत, आणि गादीवर बसणारं तिसरं कोणी नाही. बसली असती तर माझी लेक. पण ती मुंबईत पीएच.डी. करतेय, पाचवं वर्ष. त्यावरून आजोबा-नातीत धड बोलणं नव्हतं. बाबांचा प्रश्न एकच. "पाच वर्षं झाली वं, काय करून राहिली तू? अन् विकणार काय?"

परवा ती सुट्टीत आली तेव्हा दुकानात उरलेल्या मालाची मोजदाद चालली होती. बाबांनी पुन्हा तोच प्रश्न टाकला. मी मनात म्हटलं, झालं!

पण पोरीने गल्ल्याजवळची पेन्सिल उचलली. "आबा, याच्या शिशात कार्बनचे पापुद्रे असतात, एकावर एक. एक मिलिमीटर जाडीत साधारण तीस लाख. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चक्क चिकटपट्टीने सोलून एकच पापुद्रा सुटा केला. तेच ग्राफीन. २०१० चं नोबेल मिळालं त्यांना."

"मग विकते कुठं?"

"अडचण अशी, की त्यातून वीज झकास वाहते, पण बंद करता येत नाही. तोटी नसलेला नळ. चिपला तर बंद-चालू लागतं." म्हणून लोक दुसऱ्या पापुद्र्यांकडे वळले. त्यातला एक मॉलिब्डेनम डायसल्फाइड. मेकॅनिक लोकांच्या ग्रीसमध्ये असते ती काळी भुकटी हो! ती अर्धवाहक, म्हणजे तिची तोटी बंद होते. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या एकाच थराचा ट्रान्झिस्टर झाला. तो एकटा थर जाड तुकड्यापेक्षा प्रकाशही कितीतरी चांगला देतो. बाजारात मात्र अजून राज्य सिलिकॉनचंच.

"अन् तू काय करते?"

तिने नेटच्या ताग्यातले दोन तुकडे घेतले, एकावर एक ठेवले आणि वरचा जरासा फिरवला. जाळीच्या भोकांतून मोठमोठी वर्तुळं उमटली. बाबा हसले. साठ वर्षं कापड विकलेला माणूस, ही लहर त्यांना नवी नव्हती. रेशमावरच्या अशाच लाटांना फ्रेंच लोक म्वारे म्हणतात, आणि शास्त्रज्ञांनी तोच शब्द उचललाय.

"ग्राफीनचे दोन थर असेच १.१ अंशात फिरवले, की मूळ जाळीच्या पन्नासेक पट मोठी नक्षी तयार होते. त्या नक्षीत इलेक्ट्रॉन मंदावतात, एकमेकांची दखल घेऊ लागतात. त्यांची संख्या नेमकी राखली आणि उणे २७१ अंशांपर्यंत थंड केलं, की वीज विनाअडथळा वाहते. २०१८ मध्ये अमेरिकेत दिसलं हे." मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गटही अशा फिरवलेल्या थरांवर काम करतो, त्यांना २०१५ चं भटनागर पारितोषिक मिळालंय, हे मला तेव्हाच कळलं. लेकीची प्रयोगशाळा वेगळी, वाट तीच.

बाबा बराच वेळ वरचा तुकडा बोटाने फिरवत राहिले. वर्तुळं लहान होत, मोठी होत.

"अन् अंशभर चुकलं तर?"

"गेलं सगळं. पुन्हा पहिल्यापासून. मधे हवेचा बुडबुडा अडकला तरी तेच. माझे चाळीस तुकडे वाया गेलेत, आबा." हे सांगताना तिचा आवाज जरा कापला. आम्हाला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

"म्हणून पाच वर्षं?"

"म्हणून पाच वर्षं."

बाबांनी चष्मा पुसला. विकणार काय, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खरं तर त्याचं उत्तर तिच्याकडेही नाही.

असो. दुकान बंद होणार ते होणारच. नेटचा तो तागा एका गिऱ्हाइकाने काल उचलला. ते दोन तुकडे मात्र बाबांनी घरी आणलेत. आल्यागेल्याला फिरवून दाखवतात, आणि म्हणतात, "आमची नात हे करून राहिली."