सोडण्याआधी हातात असावे लागते



गेल्या चातुर्मासात मी तत्त्वज्ञांची चरित्रे वाचायला घेतली. कॉमर्स शिकलेल्या बाईची खोड अशी, की कोणाचाही विचार वाचण्याआधी त्याचा जमाखर्च बघायचा. हा माणूस खात काय होता, राहत कुठे होता, वडिलांच्या इस्टेटीचे काय केले? तेवढे कळले की त्याचे तत्त्वज्ञान जरा सोपे जाते.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीसचा डायोजिनिस सराफाचा मुलगा. नाण्यांमध्ये काही गडबड केल्याच्या आरोपावरून त्याला सिनोपी हे गाव सोडावे लागले. पुढे तो अथेन्समध्ये मातीच्या मोठ्या रांजणात राहायचा. एका पोराला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने आपला पेलाही टाकून दिला, अशी गोष्ट सांगतात. वाचून मला गंमत वाटली. पण त्याचे जेवण दुसऱ्यांच्या घरून मागून यायचे. म्हणजे चूल पेटत होतीच, फक्त त्याच्या रांजणात नव्हती.

पहिल्या-दुसऱ्या शतकातला एपिक्टेटस मला जास्त जवळचा वाटला. तो रोममध्ये गुलाम होता. तेव्हा त्याच्याजवळ काहीच नव्हते, आणि त्याला कोणी त्याग म्हटले नाही. पुढे मोकळा झाल्यावर त्याने स्वतः ठरवून थोडक्यात संसार ठेवला. त्याच्या घरातला लोखंडी दिवा चोराने नेला, तर तो म्हणाला की उद्या मातीचा आणू. असते तेच जाते, एवढाच त्याचा हिशेब. गंमत पुढे आहे. त्याच्या मृत्यूनंतर कोणा हौशी माणसाने तोच मातीचा दिवा 3000 द्राख्मांना विकत घेतला, असे ल्युशियन हा लेखक लिहितो. दिव्याबरोबर शहाणपण येईल, असे त्याला वाटले असावे!

पण मी थांबले ती स्पिनोझापाशी. 1632 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या ज्यू व्यापारी घरात जन्म. वयाच्या तेविसाव्या वर्षी, 1656 मध्ये, त्याच्या विचारांमुळे समाजाने त्याला बहिष्कृत केले. पुढे तो भिंगे घासायचा. 1673 मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापकी चालून आली, तीही त्याने नाकारली. एका मित्राच्या भावाने वर्षाला 500 गिल्डर देऊ केले, तर म्हणाला 300 पुरेत. परिग्रहाचे परिमाण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

त्याचे जुने चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. वडिलांच्या इस्टेटीवरून बहिणीशी वाद झाला. हा निरिच्छ माणूस चक्क कोर्टात गेला, जिंकला, आणि मग सगळे तिला देऊन टाकले. स्वतःसाठी पडद्यांसकट एक पलंग तेवढा ठेवला.

द्यायचेच होते तर भांडला कशाला? हा प्रश्न मला आठ दिवस सुटेना. भाकरी थापताना उत्तर सुचले. त्याने सोडले तो वाटा. पण 'तुझा वाटाच नाही' हे म्हणणे त्याने सोडून दिले नाही. जे माझ्या खात्यात कधी जमाच झाले नाही, ते मी दान म्हणून खर्ची कसे टाकणार?

हे सगळे आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. आमचे अण्णा गेले. मागे थोडी शेती आहे, आम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी. भावांनी हक्कसोड पत्राचा कागद तयार करून आणला. 2005 पासून कायद्याने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे, आणि आपल्या जैनांनाही तोच कायदा लागू आहे, हे भावांनाही माहीत आहे. म्हणून तर कागद! धाकटा म्हणाला, "अक्का, तू एवढी स्वाध्यायाला जाणारी. तुला काय करायचीय जमीन?"

खरे आहे, मला नको. माझे घर आहे, यांची पेन्शन आहे. अपरिग्रहाच्या व्रतात मर्यादा घालायच्या वस्तूंची यादी आहे, तिच्यात सगळ्यात पहिला शब्द 'क्षेत्र', म्हणजे शेतच आहे. मी सही केली असती तर सगळ्यांनी कौतुकच केले असते.

पण माझी धाकटी बहीण भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिच्या मुलीचे शिक्षण अजून चालू आहे. अक्काने सही केली की ती 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार? माझ्या त्यागाची किंमत तिने मोजायची, हा कुठला त्याग?

विसाव्या शतकातल्या विट्गेन्स्टाइनचीही आठवण झाली. व्हिएन्नाच्या पोलाद कारखानदाराचा मुलगा. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर 1919 मध्ये त्याने वारसा सोडला आणि खेड्यातल्या शाळेत मास्तर झाला. पैसा मात्र दिला आपल्याच श्रीमंत भावंडांना. त्याची त्यामागची कारणे होती, मान्य आहे. पण मला वाटते, आपण काय सोडतो यापेक्षा ते कोणाच्या ओटीत पडते, हे आधी बघावे.

मी धाकट्याला सांगितले, "आधी वारस म्हणून चौघांची नावे लागू देत. सातबारा हातात आला की माझा हिस्सा मी धाकटीच्या नावे सोडीन. तिच्या हिश्श्याचे तिचे ती ठरवेल." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादाशी बोलतो." दादाचा फोन अजून आलेला नाही. राग असेल. दिवाळीला चकल्या घेऊन मीच जाणार आहे, भाऊबीज काही सातबाऱ्यावर नसते.

मैत्रिणींनो, तुमच्यापुढेही असा कागद आला तर घाईने सही करू नका आणि घाईने भांडूही नका. तो कागद घरी आणा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा. सोडायचे की ठेवायचे, ते मग ठरवा.