दोन जिवांची काळजी

गरोदर बाईला आपल्याकडे ‘दोन जिवांची’ म्हणतात. या शब्दात जितकी माया आहे, तितकाच धाकही आहे. दोन जिवांची म्हणून तिने पपई खाऊ नये, ग्रहण पाहू नये, तिन्हीसांजेला बाहेर पडू नये. निषेधांची यादी घरोघरी निराळी असली तरी सूत्र एकच : शंका असेल तर नकोच. २०२१ साली करोनाच्या लशीबाबत हे सूत्र घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकले, तेव्हा आम्हांस नवल वाटले नाही. नवल वाटले ते सरकारी सूचनांतही तेच वाचले, तेव्हा.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया त्यातून वगळल्या गेल्या. दिलेले कारण खोटे नव्हते. चाचण्यांत गरोदर स्त्रियांना घेतलेच नव्हते, म्हणून त्यांच्याविषयी माहिती नव्हती. पण त्यांना घेतले का नव्हते? याचे उत्तर शोधू जाता थॅलिडोमाइडपाशी पोचावे लागते. गरोदरपणातील मळमळीवर दिल्या गेलेल्या या औषधामुळे, १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत, दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली. तो अनर्थ घडला गर्भावरील परिणाम न तपासता औषध विकल्यामुळे. त्यावरून घ्यायचा धडा ‘आधी तपासा’ हा होता. प्रत्यक्षात रूढ झाला तो ‘गरोदर स्त्रीवर तपासूच नका’ हा. औषध न तपासण्याला तेव्हापासून काळजीचे रूप आले.

मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. आमची भाची तेव्हा पाचव्या महिन्यात होती आणि बँकेच्या काउंटरवर रोज शंभर माणसांना सामोरी जात होती. शेजारचा सहकारी लस घेऊन आला. हिला मुभा नव्हती. ती फोनवर म्हणाली, “मावशी, मला घ्या म्हणू नका, घेऊ नको म्हणू नका, पण ठरवायचं मला ना?” या प्रश्नाला आमच्यापाशी सांत्वनापलीकडे उत्तर नव्हते. त्याच महिन्यात, १९ तारखेला, पाजणाऱ्या मातांना परवानगी मिळाली. गरोदर स्त्रिया मात्र थांबून राहिल्या.

साथ थांबली नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्या जूनमध्ये दोन लाटांची तुलना प्रसिद्ध केली. बाधित गरोदर व बाळंतीण स्त्रियांत लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ वर, आणि मृत्यूचे ०.७ टक्क्यांवरून ५.७ वर गेले होते. न टोचणे म्हणजे काहीच न करणे नव्हे, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

दुसऱ्या पारड्यातही एव्हाना काही पडू लागले होते. अमेरिकेत लस घेतलेल्या ३५,६९१ गरोदर स्त्रियांची पाहणी एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत धोक्याची उघड खूण आढळली नाही. मात्र तो पुरावा फायझर व मॉडर्नाच्या लशींचा होता, आणि आपल्याकडे होत्या कोव्हिशील्ड व कोव्हॅक्सिन. ही तफावत लहान नव्हती. कोव्हिशील्डनंतर क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हेही तोवर ठाऊक झाले होते. भाचीच्या डॉक्टरीणबाईंनी यातले काही लपवले नाही. या दोन्ही लशींत शरीरात वाढू शकेल असा विषाणू नसतो, हे सांगितले; अनिश्चिती सांगितली; आणि आजाराचा धोका त्याहून मोठा का, तेही सांगितले. २ जुलैला केंद्राने गरोदरपणाच्या कोणत्याही टप्प्यावर लस घेण्यास मान्यता दिली. भाचीने सातव्या महिन्यात ती घेतली. ज्या सासूबाई धास्तावल्या होत्या, त्यांनी स्वतः गरोदरपणी धनुर्वाताची सुई निमूटपणे घेतली होती. ती सुई आता घरच्या रीतीत मुरली आहे. नव्या सुईला तेवढा काळ मिळालेला नव्हता, इतकेच.

पुढील वर्षांत अनेक देशांतील मोठ्या पाहण्यांत लशीमुळे गर्भपात वा जन्मजात व्यंगे वाढल्याचे दिसले नाही. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात, हेही दिसले. सहा महिन्यांखालील बाळाला या आजाराची लसच नसल्यामुळे ही शिदोरी मोलाची. परंतु हे ज्ञान मिळाले ते प्रामुख्याने चाचण्यांतून नव्हे, तर अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणाऱ्या लाखो स्त्रियांच्या अनुभवातून. जोखीम टाळली गेली नाही. ती प्रयोगशाळेच्या देखरेखीतून उचलून एकेकीच्या पदरात टाकली गेली.

म्हणून लस सुरक्षित ठरली एवढ्यावर समाधान मानणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. पुढची साथ येईल तेव्हाही बाया गरोदर असणारच. त्यांना वेळेवर उत्तर द्यायचे, तर त्यांच्या संमतीने आणि योग्य त्या दक्षतेने त्यांना चाचण्यांत आरंभापासून स्थान द्यावे लागेल. दोन जिवांच्या बाईची काळजी करणाऱ्यांनी तिच्याविषयीचे अज्ञान तरी जपून ठेवू नये.