आवाजाचा संवर

आमच्या कामतघरात यंत्रमागांची खडखड इतकी अंगवळणी पडली आहे की ती कानांना जाणवतही नाही. ती प्रथम जाणवली, आईचे भक्तामर स्तोत्र संगणकावर ध्वनिमुद्रित केले तेव्हा. आईचे वय ८८. दम पुरत नाही, तरी ४४ श्लोक मुखोद्गत. नातवंडांसाठी तिचा स्वर जपावा, एवढीच इच्छा. पण मुद्रण ऐकले तर आईपेक्षा माग आणि पंखाच मोठ्याने बोलत होते!

‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीने मी खडखड पुसू लागलो. ती जितकी पुसावी, तितका आईचा स्वर पाण्याखालून आल्यासारखा होई. नको ते काढताना हवे तेही जात होते.

तेव्हा संवराचे स्मरण झाले. साचलेल्या कर्माची निर्जरा कष्टसाध्य. आधी आस्रवाचे दार लावावे. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. भिंतींशी गाद्या उभ्या केल्या, त्यामुळे खोलीतला घुमारा गेला. लॅपटॉपच्या मायक्रोफोनऐवजी यूएसबी मायक्रोफोन आणून आईच्या मुखापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवला. जवळचा स्वर ठळक झाला, दूरची खडखड मागे पडली. उंच स्वरही उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ दिला नाही, म्हणजे आवाज फाटत नाही.

एके सकाळी वीज गेली आणि माग थांबले. लॅपटॉप बॅटरीवर होता. त्या शांततेत आईने स्तोत्र पूर्ण केले. श्लोकांमधला तिचा धपापता श्वासही मुद्रित झाला आहे. तो मात्र मी पुसलेला नाही.