गोदातीरीची सुवचने आणि खिळ्यांची अक्षरे

मनमाडाहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणीचे स्थानक लागते. तेथून परळीकडे जाणारा फाटा धरला म्हणजे काळ्याभोर रानांतून आपण गोदावरीकाठच्या गंगाखेडास येतो. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून हे गाव यात्रेकरूंस पूज्य आहे. घाटावर क्षणभर उभे राहिले असता सहजच मनात येते की, दळता-कांडता स्फुरलेली ही वाणी सातशे वर्षे टिकली तरी कशी? जनीचे अभंग स्वतः विठ्ठलाने लिहून घेतले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या श्रद्धेत एक मोठे मर्म आहे. वचन बोलणाऱ्याइतकेच ते जपून उतरवून घेणाऱ्याचेही उपकार असतात. ज्या नामदेवांच्या घरी जनाबाईंनी सेवा केली, त्यांचे नरसी हे गावही १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते.

या भागात मराठी अक्षर छापून घरोघर पोहोचणे फार दिवस सुलभ नव्हते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले आणि १८६९ साली जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला; परंतु मराठवाडा निजामाच्या राज्यात, आणि तेथे दरबारची भाषा उर्दू. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी काढलेल्या ‘मराठवाडा’ पत्रावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते निरनिराळी नावे धारण करून निघत राहिले. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच हा अडसर दूर झाला. छापील मराठी शब्दाचे मोल या मुलखाने असे किंमत देऊन जाणले आहे.

पुढे तालुक्याच्या गावांतून पायाने चालणारी ट्रेडल यंत्रे आली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जत्रेची हस्तपत्रके हा त्यांचा नित्याचा उद्योग. याच यंत्रावर गोदातीरीच्या संतांची सुवचने एकेका जाड पत्रिकेवर छापून त्यांचा संच सिद्ध करावा, ही कल्पना मोठी मनोहर आहे. तिच्यात श्रम किती आहेत, हेही पाहण्यासारखे आहे.

शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून ओतलेल्या अक्षरांस आपल्याकडे खिळे म्हणतात. प्रत्येक खिळ्यावरील अक्षर उलटे असते. जुळारी केसांच्या खणांतून एकेक खिळा उचलून हातातील स्टिकमध्ये ओळ जुळवितो. इंग्रजीची मुळाक्षरे थोडी. देवनागरीत मात्र जोडाक्षरे, वर मात्रा, वेलांटी व रफार, खाली उकार असा तीन मजल्यांचा संसार. त्यामुळे खण कितीतरी अधिक आणि हात कितीतरी लांबवर जावयाचा. शिवाय शिरोरेषेची कसोटी वेगळीच! एक खिळा झिजलेला असला की वरच्या रेषेत फट दिसते, आणि ती चतुर वाचकाच्या डोळ्यांत सलते.

जुळलेला मजकूर लोखंडी चौकटीत ठोकळ्यांनी घट्ट आवळतात, प्रूफ काढून शुद्ध करतात, मग फर्मा यंत्रावर चढतो. शाईचे रूळ खिळ्यांवरून फिरतात. एक हात कोरी पत्रिका लावतो, दुसरा छापलेली काढतो, पाय एका लयीत चालतो. दुसरा रंग हवा असल्यास पहिला वाळू द्यावा लागतो आणि तीच पत्रिका नव्या फर्म्याखाली पुन्हा घालावी लागते. जुने मुद्रक कागदावर दाब उमटू देत नसत, कारण त्याने खिळे झिजतात; आजचे हौशी मात्र मऊ, जाड कागदावर बोटाला जाणवेल असा ठसा मुद्दाम उमटवितात. त्यास हातकागद उत्तम. मराठवाड्यातच दौलताबादेजवळील कागजीपुरा हे गाव त्याकरिता पूर्वापार प्रसिद्ध आहे, आणि पुण्यास १९४० साली हातकागदाची संस्था निघाली.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? आज प्रातःकाळी भ्रमणध्वनीवर सुवचनांची रास येऊन पडते. खरे आहे, पण सायंकाळपर्यंत त्यांतील एक तरी स्मरते काय? जे विनाश्रम येते ते विनाविचार पुसलेही जाते. जुळाऱ्यास मात्र प्रत्येक काना-मात्रेपाशी थांबावे लागते. तेवढ्या वेळात ते वचन त्याच्या अंगी मुरते. खिळ्यांचा साठा परिमित, पत्रिकाही लहान; म्हणून मोजकेच शब्द निवडावे लागतात, आणि निवड म्हटली की विवेक आला.

ऑफसेटच्या आगमनानंतर खिळ्यांचे कित्येक साठे मोडीत गेले. जेथे एखादी केस व ट्रेडल अजून शाबूत असेल, तेथे घरातील मुलांना अवश्य न्यावे. आजी-आजोबांनी वचन निवडावे, नातवंडांनी ते खिळ्यांत जुळवावे, आणि पत्रिका देवघराशेजारी लावावी. छपाई संपल्यावर खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकावयाचे असतात, हेही त्यांना दाखवावे. ज्या खिळ्यांनी आज जनाबाईंचे नाव जुळले, तेच उद्या कोणाच्या लग्नपत्रिकेस उपयोगी पडतील. दळणकांडणातच देव पाहणाऱ्या त्या माउलीस ही गोष्ट खचित आवडली असती.