जंजिऱ्यासमोरची खोली

आम्ही नेरची माणसं. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं आमचं गाव. चहूकडे कापूस, तूर आणि सोयाबीन. समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली निळी पट्टी. अब्बांनी तर सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली. फळ्यावर खडूने किती वेळा जंजिरा काढला असेल, पण तिथे जाणं काही झालं नाही. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांचे दोन्ही गुडघे बोलू लागले होते. आता पुढे ढकलायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

जायचं ठरलं; राहायचं कुठे, हे ठरेना. रोज रात्री दस्तरखान उचलला की तीच चर्चा. धाकट्याने कुठूनसं वाचलं होतं, की २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, गाडीतच संडास. समुद्रकिनारी उभी करायची आणि झोपायचं. विलायतेत तर अशा गाड्यांसाठी वेगळी मैदानंच असतात म्हणे. अब्बा हसले. म्हणाले, "आपला फारसी कारवाँ विलायतेला गेला आणि कॅराव्हॅन होऊन परत आला." अम्मीला दिवसाचं भाडं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इत्ते पैसे देके गाडी में सोना?" तिचं खरं होतं. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, त्यानंतर खरेदी केंद्रांसमोर लागणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा आमच्या घराने पाहिल्या आहेत. दादाजान गाडीखाली गोणपाट अंथरून दोन-दोन रात्री काढत. गाडीत मुक्काम करण्याची हौस आमच्यात उरलेली नव्हती.

मग खोल्या. अटी तशा साध्या होत्या. खोली तळमजल्यावर हवी, संडास खुर्चीचा हवा, अब्बांना पहाटेच्या नमाजसाठी स्वच्छ जागा हवी आणि शक्य झालं तर खिडकीतून किल्ला दिसावा. पडाव किल्ल्याला लागला की हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो, असं ऐकलं होतं. अब्बांना ते जमलं नाही, तर निदान बसल्या जागी तरी जंजिरा दिसावा.

धाकट्याने फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या ठिकाणी मोठं अगत्य. "या देशमुखसाहेब, खोली तुमचीच समजा." आमचं आडनाव देशमुख. विदर्भात हे आडनाव दोन्हीकडे आहे. मग आधार कार्डांचे फोटो पाठवले. पंधरा मिनिटांत निरोप आला: माफ करा, खोली आधीच गेलेली होती. दुसऱ्या ठिकाणीही तसंच घडलं. एकदा होईल तो योगायोग, दोनदा झाला की माणूस गप्प होतो. धाकटा म्हणाला, "पुढच्या वेळी फक्त आडनाव सांगू. कार्डं तिथे गेल्यावर दाखवू. दारात आलेल्याला कोण परत पाठवतो?"

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी पूर्ण नाव सांग. माझं, तुझ्या अम्मीचं, सगळ्यांचं. नंतर भाडं विचार."

वर्गात जंजिऱ्याचा धडा आला की काही मुलं हळूच मागच्या बाकांकडे, आपल्या मुलांकडे बघायची, हे अब्बांनी आम्हाला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा ते मुद्दाम थांबून सांगत, की सिद्दी हे आफ्रिकेतून आलेले हबशी, निजामशाहीचा वजीर मलिक अंबरही हबशीच. आणि सिद्दीशी झुंजणाऱ्या शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. लढाई राज्यांची होती. एवढं सांगून झाल्यावर मगच ते पुढचा परिच्छेद वाचत.

तिसरा फोन मुरुडमधल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत लागला. पूर्ण नावं ऐकून पलीकडचे काका म्हणाले, "जेवण आमच्याकडे शाकाहारी असतं हो, चालेल ना?" अम्मी खूश. मुरुडच्या वाळूवरून समोर समुद्रात महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो, हेही त्यांनी सांगितलं. सगळं जमत होतं. पण खोली माडीवर होती. गुडघ्यांचं ऐकून काका स्वतःच म्हणाले, "मग आजोबांना जिना नको. तुम्ही राजपुरीत बघा, जंजिरा तिथून अगदी समोर." आणि एका कोकणी मुसलमान घराचा नंबर दिला. हातचं गिऱ्हाईक असं दुसरीकडे पाठवणारा माणूस आम्ही बाजारात फारसा पाहिलेला नाही.

बडनेऱ्याहून रात्रीची गाडी, कल्याणला उतरून भाड्याची जीप, पेण, अलिबाग, मग रेवदंड्याची खाडी. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा जीपमध्ये कुणीच काही बोललं नाही. राजपुरीच्या घरात आमची एक गंमत झाली. आम्ही घरात उर्दू बोलणारे, ते घरातही कोकणी बोलणारे. दोन्ही घरांच्या आयांची गट्टी जमली ती शेवटी मराठीतच. सांदणं आणि मासळीचं कालवण पुढे आलं. आमच्याकडून ज्वारीच्या पिठाचा डबा गेला होता, तो त्यांनी कौतुकाने ठेवून घेतला.

खोली साधी होती. भिंतीचा रंग खाऱ्या हवेने उडालेला, पंख्याचा आवाज मोठा. पण ओट्यावर खुर्ची टाकली की समोर जंजिरा. अब्बा पहाटेची नमाज पढून तिथे बसले, ते उन्हं वर येईतो.

धक्क्यावर ते आमच्याबरोबर आले. पडाव वरखाली होताना पाहिला आणि स्वतःच मागे सरले. "तुम्ही जा. दरवाजा कुठे आहे ते मी इथून शोधतो." तो खरोखरच जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आम्ही गेलो. दरवाजापाशी हत्तींना पंजांत धरलेला शरभ पाहिला, कलालबांगडी तोफ पाहिली, बुरुजावरून दूरवर पद्मदुर्ग पाहिला. सगळ्यात जास्त वेळ उभे राहिलो ते तळ्यापाशी. भोवती सगळं खारं आणि मधोमध गोडं पाणी, हे अब्बांनी फळ्यासमोर उभं राहून शेकडो मुलांना सांगितलेलं होतं. पाणी हिरवं होतं. पडाववाला म्हणाला, पिऊ नका.

परतलो तेव्हा अब्बा खुर्चीतच होते. पहिला प्रश्न त्यांनी पाण्याचाच विचारला. हिरवं आहे, चाखलं नाही, असं सांगितल्यावर जरा नाराज झाले.

"बाटलीत थोडं आणायचं तरी," म्हणाले.