नामनिर्देशनाचा रकाना

साठी उलटली की दोन हिशेब समोर येतात. एक मिळवण्याचा, तो आपण आयुष्यभर काटेकोर लिहितो. दुसरा सोडण्याचा, त्याची वही बहुतेक घरांत कोरीच असते.

बँकेतील नोकरीत याचा प्रत्यय वारंवार येई. पतीच्या निधनानंतर कागदांची पिशवी घेऊन आलेल्या भगिनींना ठेव किती, कोणत्या शाखेत, नामनिर्देशन केले आहे की नाही, यांपैकी काहीच ठाऊक नसे. त्या काळी निदान पासबुक किंवा ठेवीची पावती कपाटात सापडे. आज सारा व्यवहार मोबाइलमध्ये गेला आहे. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी, आणि घरात वडीलधारी दोघेच. अशा घरातला एक मोबाइल बंद पडला की संसाराचा हिशेबच कुलूपबंद होतो.

खातेदाराने दोन वर्षे व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात. त्यानंतरही वारसांना रक्कम मागता येते. २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवींचा शोध घेता येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. सोयी वाढल्या; घरातला संवाद मात्र वाढला नाही.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नामनिर्देशित व्यक्ती त्या पैशाची मालक होत नाही. ती रक्कम स्वीकारते ती विश्वस्त म्हणून; हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. बँकेचा हा रुक्ष नियम मला आपल्या शिकवणुकीच्या फार जवळचा वाटतो. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, आसक्तीवरून करून दिली आहे. त्या दृष्टीने पाहता आपणही आपल्या धनाचे काही काळापुरते विश्वस्तच आहोत.

आमच्या रत्नागिरीत याचा दाखला उभाच आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये येथे आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच निवर्तला. सोबत आणलेली रत्ने खर्चापायी हळूहळू विकली गेली. त्याचा राजवाडा आज पर्यटक पाहून जातात. राजाच्या हातीही अखेर काही राहिले नाही. मग आपण कपाटाच्या किल्ल्या किती घट्ट धराव्यात?

ज्या धर्माने समाधिमरणाचा विचार इतक्या निर्भयपणे केला, त्याच्या अनुयायांनी ‘मृत्युपत्र’ हा शब्द घरात अशुभ मानावा, हे विसंगत आहे. या चातुर्मासात उपवास-स्वाध्यायाबरोबर एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. पती-पत्नींनी एकत्र बसून ठेवी, विमा, लॉकर व घराचे कागद यांची यादी करावी, नामनिर्देशन तपासावे, मुलांना कल्पना द्यावी. परिग्रहाचे परिमाण ठरवावे, आणि आहार, औषध, ज्ञान व अभय या चार दानांसाठीचा वाटा आपल्या हयातीतच, आपल्या हाताने वेगळा काढावा. मागे राहणाऱ्यांना दुःख तर होणारच. त्यात बँकेच्या खेपांची भर पडू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र.